कामाची वाट आणि सोबत : एका अभ्यासक्षेत्राची प्रस्तावना

नोकरीची तयारी म्हटली की आपल्याकडे अर्ज, बायोडेटा, मुलाखतीचा सराव आणि एखादा संगणकाचा कोर्स एवढं डोळ्यांसमोर येतं. सेरेब्रल पाल्सी असलेल्या वीस वर्षांच्या मुलीला हे सगळं लागतंच, पण तिचं अडतं ते निराळ्या प्रश्नांपाशी. अर्जात अपंगत्वाचा उल्लेख करावा, की मुलाखतीचं बोलावणं आल्यावर सांगावं? आपलं बोलणं समोरच्याला पटकन कळत नाही, तर फोनवरच्या पहिल्या फेरीऐवजी लेखी उत्तरं चालतील का, हे कोणाला आणि कोणत्या शब्दांत विचारायचं? ऑफिसातलं स्वच्छतागृह आपल्याला वापरता येईल का, हे रुजू होण्याआधी कसं काढून घ्यायचं? दुपारनंतर स्नायू ताठरतात, मग अवघड कामं सकाळच्या वेळात कशी आणायची? वरिष्ठ फार सांभाळून घेतात, जबाबदारीचं काम देतच नाहीत, हे त्यांना न दुखावता कसं बोलायचं? आणि पहिला पगार झाला की तो कोणाच्या हातात राहणार?

फिजिओथेरपिस्टला सांध्यांची हालचाल कळते, ऑक्युपेशनल थेरपिस्टला टेबलाची उंची कळते, समुपदेशकाला मनातली भीती कळते, आईवडिलांना मुलगी कळते. पण असं शरीर घेऊन आठवड्याचे सहा दिवस काम कसं निभावतं, हे निभावणाऱ्यालाच ठाऊक असतं. ज्याला ते ठाऊक आहे आणि जिला ते हवं आहे त्या दोघांची इंटरनेटवर गाठ घालून द्यायची, ती टिकवायची आणि तिचा खरोखर उपयोग होतो का हे तपासायचं, एवढा ह्या अभ्यासक्षेत्राचा आवाका आहे. ह्या लेखनात त्याला ऑनलाइन समअनुभवी मार्गदर्शन म्हटलं आहे. मार्गदर्शन करणाऱ्यासाठी संस्थांमध्ये आता रुळलेला 'मेंटॉर' हाच शब्द ठेवला आहे.

मेंटॉरकडे जे असतं त्याला ज्ञान म्हणून मान द्यावा, हे ह्या प्रस्तावनेचं मुख्य म्हणणं. अपंग माणसाने काही मिळवलं की त्याला व्यासपीठावर बसवायची आपली रीत आहे. शाल, श्रीफळ, 'जिद्दीला सलाम' असा मथळा, आणि समोरच्या मुलांना 'ह्यांच्याकडून प्रेरणा घ्या' असा उपदेश. ऑस्ट्रेलियातल्या पत्रकार आणि विनोदकार स्टेला यंग स्वतः व्हीलचेअर वापरत. २०१४ सालच्या एका गाजलेल्या भाषणात त्यांनी ह्या प्रकारावर कडक टीका केली. इतरांना हुरूप यावा एवढ्यासाठी अपंग माणसं जगत नसतात, असा त्यांचा रोख होता. सत्काराच्या त्या सभागृहात मागे बसलेल्या मुलाला एक साधी गोष्ट विचारायची असते: तुम्ही ऑफिसला जाता कसे? रिक्षावाला व्हीलचेअर मागे ठेवू देतो का, त्याचे वेगळे पैसे मागतो का? त्या कार्यक्रमात ह्या प्रश्नाला जागा नसते, आणि समअनुभवी मार्गदर्शनाचा तर तोच मुख्य विषय असतो.

ह्या विचाराची एक ठळक सुरुवात कॅलिफोर्नियातल्या बर्कले इथे झाली. एड रॉबर्ट्स ह्यांना १९५३ साली, वयाच्या चौदाव्या वर्षी पोलिओ झाला. मानेखालचं जवळजवळ सगळं शरीर निकामी झालं आणि झोपताना श्वासासाठी लोखंडी फुफ्फुसाचं यंत्र लागू लागलं. १९६२ साली त्यांनी बर्कलेच्या विद्यापीठात प्रवेश घेतला. ते अवजड यंत्र मावेल अशी खोली वसतिगृहात नव्हती, म्हणून त्यांची राहण्याची सोय विद्यापीठाच्या कॉवेल रुग्णालयात केली गेली. पुढच्या काही वर्षांत तीव्र अपंगत्व असलेले आणखी विद्यार्थी तिथे राहायला आले. मदतनीस कसा नेमायचा, तो न आला तर काय करायचं, बिघडलेली व्हीलचेअर कुठे दुरुस्त होते, हे ते एकमेकांकडून शिकले. १९७२ साली त्यातून 'सेंटर फॉर इंडिपेंडंट लिव्हिंग' उभं राहिलं आणि अपंग माणसाला सल्ला देणारा स्वतः अपंग असावा हे तत्त्व त्या चळवळीने जगभर नेलं. ज्या राज्य पुनर्वसन खात्याने रॉबर्ट्स ह्यांना नोकरीच्या पलीकडचे ठरवून सुरुवातीला शिक्षणाचा खर्च नाकारला होता, त्याच खात्याचे ते पुढे संचालक झाले.

पण ही कल्पना बाहेरूनच आली असं मानायचं कारण नाही. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक ह्यांना ऐन तारुण्यात कमरेखालचं अपंगत्व आलं आणि पुढचा काळ त्यांनी खोल निराशेत काढला. त्या काळात त्यांची भेट बाबूकाका दिवाण ह्यांच्याशी झाली. बाबूकाका स्वतः पॅराप्लेजिक, म्हणजे कमरेखालचं अपंगत्व असलेले होते आणि तरीही आपलं आयुष्य आपल्या पायांवर नव्हे, आपल्या हिमतीवर चालवत होते. नसीमाताईंनी पुढे केंद्रीय उत्पादन शुल्क खात्यात नोकरी केली, १९८४ साली कोल्हापुरात 'हेल्पर्स ऑफ द हॅन्डिकॅप्ड' ही संस्था उभी केली, आणि सिंधुदुर्गात स्वप्ननगरी वसवली. तिथे अपंग माणसं काजूप्रक्रियेचं काम करतात. त्यांचं 'चाकाची खुर्ची' हे आत्मकथन अनेक मराठी घरांत वाचलं गेलं आहे. ते ह्या क्षेत्राचा अभ्यास म्हणून पुन्हा वाचावं अशी माझी शिफारस आहे. एका समअनुभवी माणसाची भेट काय करू शकते, आणि ती भेट योगायोगावर अवलंबून असणं किती अन्यायाचं आहे, ही दोन्ही उत्तरं त्यात सापडतात. बाबूकाका भेटले नसते तर काय, हा प्रश्न त्या काळातल्या इतर मुलींच्या वतीने विचारायला हवा. त्यांना कोणी भेटलंच नाही.

हा योगायोग हक्कात बदलण्याची भाषा पुढे कायद्यात आली. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ सालच्या अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या कराराचं २६ वं कलम पुनर्वसनाबद्दल आहे आणि त्यात समअनुभवी व्यक्तींच्या आधाराचा स्पष्ट उल्लेख आहे. शिक्षणाविषयीच्या २४ व्या कलमात ब्रेल आणि हालचालीच्या कौशल्यांच्या बरोबरीने मेंटॉरिंगचंही नाव घेतलं आहे. भारताने हा करार २००७ साली मान्य केला आणि त्याला धरून २०१६ सालचा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा आला. १९९५ सालच्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, नव्या कायद्यात एकवीस आहेत. सरकारी नोकऱ्यांतलं आरक्षण तीनवरून चार टक्क्यांवर गेलं. खासगी क्षेत्रात आरक्षण नाही, पण समान संधीचं धोरण जाहीर करण्याचं बंधन कायद्याने खासगी आस्थापनांवरही घातलं आहे. नोकरी शोधणाऱ्या किती तरुणांना हे माहीत असतं? माहीत असलंच तरी मुलाखतीच्या खोलीत ते कसं वापरायचं, हे कायद्याच्या पुस्तकात लिहिलेलं नसतं.

इंटरनेटचा ह्या कामात पहिला मोठा आणि विचारपूर्वक वापर सिअॅटलमध्ये झाला. वॉशिंग्टन विद्यापीठात १९९२ साली शेरिल बर्गस्टालर ह्यांनी 'डू-इट' हा प्रकल्प सुरू केला, तेव्हा इंटरनेट सामान्य घरांत पोचलेलंही नव्हतं. शाळेत शिकणाऱ्या अपंग मुलांना घरी संगणक द्यायचा, त्याला लागेल ते सहायक उपकरण आणि इंटरनेटची जोडणी द्यायची आणि ईमेलवरून त्यांना मेंटॉर मिळवून द्यायचे, अशी ती योजना होती. विज्ञान आणि अभियांत्रिकीत काम करणाऱ्या ह्या मेंटॉरांपैकी बरेच जण स्वतः अपंग होते. मेंटॉर आणि मुलगा अशी एकास एक जोडी असायचीच, पण मुलांचा आपापसातला संवादही तितकाच महत्त्वाचा मानला होता. बर्गस्टालर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ह्या पत्रव्यवहाराचा अभ्यास करून तो प्रसिद्ध केला. ह्या विषयात नव्याने येणाऱ्या विद्यार्थ्याने वाचनाची सुरुवात तिथून करावी.

ईमेलने दिलेली एक गोष्ट प्रत्यक्ष भेटीत मिळत नाही, ती म्हणजे वेळ. ज्याला एक वाक्य टाइप करायला पाच मिनिटं लागतात, त्याचं वाक्य समोरच्याच्या पडद्यावर इतरांच्या वाक्यांसारखंच उमटतं. मधली पाच मिनिटं कोणाला दिसत नाहीत. मुंबईच्या मालिनी छिब ह्यांनी आपलं आत्मचरित्र एका बोटाने टाइप करून लिहिलं आणि त्याला 'वन लिटिल फिंगर' असंच नाव दिलं. बोलणं अस्पष्ट असलेल्या माणसाला समोरासमोरच्या संभाषणात लोक मध्येच तोडतात, किंवा त्याच्या सोबत आलेल्या माणसाकडे पाहून बोलतात. लेखी, सवडीच्या संवादात तो आपल्या गतीने आपलं म्हणणं पुरं करतो. म्हणून आजही सगळं काही व्हिडिओ कॉलवर नेण्याचा अट्टाहास मला पटत नाही. व्हिडिओ कॉल काहींना लाभतो, काहींना त्याचा शीण होतो. संवादाची रीत निवडण्याची मुभा मुलांना असावी.

समअनुभवी माणसाच्या सोबतीचा उपयोग का होतो, ह्याचा पाया मानसशास्त्रात आहे. अल्बर्ट बँडुरा ह्यांनी १९७७ साली मांडलेल्या विचारानुसार 'हे मला जमेल' हा भरवसा चार वाटांनी येतो: स्वतः करून पाहिल्याने, आपल्यासारख्या माणसाला करताना पाहिल्याने, कोणीतरी विश्वास दिल्याने, आणि भीतीच्या वेळी शरीराला काय होतं ते ओळखता आल्याने. आपल्याकडच्या अपंग मुलांची पहिलीच वाट फार लवकर बंद होते. 'तू राहू दे, पडशील' हे वाक्य ऐकत ती मोठी होतात. इतर मुलं सुट्टीत दुकानात बसतात, पेपर टाकतात, शिकवण्या घेतात, आणि ह्या मुलांना त्याच वयात उपचारांच्या फेऱ्या असतात. विसाव्या वर्षी त्यांच्या गाठीला कामाचा म्हणावा असा अनुभवच नसतो. मग दुसऱ्या वाटेवर फार भार येतो, आणि तिथे 'आपल्यासारखा' ह्या शब्दाला महत्त्व येतं.

हा 'आपल्यासारखा' आपल्याकडे कोण, हा प्रश्न महाराष्ट्रात काम करणाऱ्यांनी नीट हाताळायला हवा. आज नोकरीत स्थिर असलेले, मेंटॉर म्हणून सहज पुढे येऊ शकतील असे शारीरिक अपंगत्व असलेले अनेक लोक पोलिओच्या पिढीतले आहेत. भारतात नैसर्गिक पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये हावड्यात सापडला आणि २०१४ साली देश पोलिओमुक्त म्हणून प्रमाणित झाला. ही आनंदाचीच गोष्ट आहे. पण तिचा एक परिणाम असा की आज अठरा-वीस वर्षांचे जे तरुण मेंटॉर शोधत येतात, त्यांच्यात सेरेब्रल पाल्सी, मस्क्युलर डिस्ट्रॉफी, स्पायना बायफिडा आणि अपघातात मणक्याला झालेली इजा असलेले जास्त दिसतात. पोलिओ होऊन गेलेल्या माणसाचं अपंगत्व बरीच वर्षं साधारण एका जागी थांबलेलं असतं. कॅलिपर आणि कुबड्या घेऊन तो तीस वर्षं बँकेत नोकरी करतो आणि त्याचा अनुभव खरा असतो. मस्क्युलर डिस्ट्रॉफी असलेल्या मुलाचं शरीर मात्र वर्षागणिक बदलत जातं. गेल्या वर्षी जमणारं काम ह्या वर्षी जमत नाही. त्याला नोकरी निवडतानाच पुढच्या पाच वर्षांचा विचार करावा लागतो. 'मी जिद्दीने केलं, तूही कर' हे वाक्य त्याच्या बाबतीत निरुपयोगी असतं, कधी क्रूरही. मणक्याची इजा झालेल्याला मूत्रमार्गाचा संसर्ग, कॅथेटर आणि दाबाने होणाऱ्या जखमा सांभाळत काम करायचं असतं. सलग आठ तास एकाच स्थितीत बसणं त्याला धोक्याचं आहे, आणि हे वरिष्ठाला सांगण्याची हिंमत त्याला दुसरा पॅराप्लेजिकच देऊ शकतो.

म्हणजे पोलिओच्या पिढीचा उपयोग नाही का? तसं मुळीच नाही. सर्टिफिकेट, टक्केवारी, यूडीआयडी कार्ड (दिव्यांगत्वाचं ओळखपत्र), बढतीच्या वेळची टाळाटाळ, बदली, लोकलचा दिव्यांगांचा डबा, सहकाऱ्यांची नजर, ह्या सगळ्यांत त्या पिढीइतकं जाणकार कोणी नाही. प्रश्न जोडी लावण्याचा आहे. शरीराविषयीच्या गोष्टींसाठी एक मेंटॉर आणि कार्यालयीन व्यवहारासाठी दुसरा, असं करायला काहीच हरकत नाही. इंटरनेटमुळे ते शक्यही झालं आहे. डिस्ट्रॉफी असलेला आणि सॉफ्टवेअरमध्ये काम करणारा माणूस एखाद्या तालुक्यात मिळणार नाही, पण महाराष्ट्रात मिळेल, महाराष्ट्राबाहेरच्या मराठी माणसांत मिळेल. अमेरिकेत काम करणाऱ्या मराठी मेंटॉरकडून कामाच्या युक्त्या, सॉफ्टवेअरची माहिती, आवाजाने टाइप करण्याचे मार्ग जरूर घ्यावेत. तिथला कायदा १९९० पासूनचा आणि त्याची अंमलबजावणी निराळी आहे, एवढं मात्र दोघांनी ध्यानात ठेवावं.

अलीकडच्या संशोधनात टोरांटोमधलं काम मला विशेष महत्त्वाचं वाटतं. हॉलंड ब्लूरव्ह्यू हे तिथलं मुलांचं पुनर्वसन रुग्णालय आहे. कॅनडात मुलांसाठीच्या आरोग्यसेवेचं छत्र साधारण अठराव्या वर्षी संपतं आणि नोकरीचा प्रश्न नेमका त्याच सुमाराला उभा राहतो. त्या संस्थेतल्या संशोधक सॅली लिंडसे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पंधरा ते पंचवीस वयाच्या, शारीरिक अपंगत्व असलेल्या तरुणांसाठी चार आठवड्यांचा ऑनलाइन कार्यक्रम बेतला आणि त्याची छोटी यादृच्छिक चाचणी २०१९ साली प्रसिद्ध केली. गट चालवणारे मेंटॉर हे स्वतः अपंगत्व असलेले, प्रशिक्षण घेतलेले, वयाने मुलांच्या जवळचे तरुण होते. अपंगत्वाबद्दल कधी आणि किती सांगायचं, सोयी कशा मागायच्या, असे विषय लिंडसे ह्यांच्या संशोधनात वारंवार येतात. अशा लहान चाचणीवरून परिणामांबद्दल ठाम विधानं करू नयेत. असा कार्यक्रम चालवता येतो का, मुलं त्यात टिकतात का, मोजमाप जमतं का, हे पाहण्यासाठी ती असते. पण विषयांची निवड मुलांच्या खऱ्या अडचणींवरून करण्याची त्यांची शिस्त आपण जरूर उचलावी.

सद्भावना पुरेशी असते असं मानणाऱ्यांसाठी एक सावधगिरीची गोष्ट सांगायला हवी. जीन ग्रॉसमन आणि जीन रोड्स ह्यांनी २००२ साली अमेरिकेतल्या मेंटॉरिंगच्या जोड्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तो अपंग मुलांपुरता नव्हता, पण त्याचा धडा इथेही लागू पडतो. वर्षभर किंवा अधिक टिकलेल्या जोड्यांतल्या मुलांना सर्वांत जास्त फायदा झाला, आणि तीन महिन्यांच्या आत तुटलेल्या जोड्यांतल्या मुलांचा स्वतःविषयीचा आदर उलट घटला. ज्या मुलाला शाळेने, शेजाऱ्यांनी, कधी नातेवाइकांनीही हळूच बाजूला सारलेलं आहे, त्याच्या मेसेजला मेंटॉरचं उत्तर येणं एके दिवशी बंद झालं तर त्याने काय समजावं? ऑनलाइन नातं जुळायला सोपं आणि सोडायला त्याहून सोपं असतं. म्हणून प्रत्येक कार्यक्रमात पगारी समन्वयक हवा, मेंटॉरला प्रशिक्षण आणि अडलं तर विचारायला माणूस हवा, आणि कार्यक्रम चार आठवड्यांचा असेल तर तो चार आठवड्यांचा आहे हे मुलांना पहिल्याच दिवशी सांगितलेलं असावं.

मेंटॉरलाही मानधन मिळावं, असं माझं स्पष्ट मत आहे. अपंग माणसाने समाजासाठी फुकट झिजावं आणि त्यालाच त्याचा सन्मान समजावं, ही अपेक्षा चुकीची आहे. नोकरी हा ज्या कार्यक्रमाचा विषय, त्यानेच आपल्या जाणकारांना बिनपगारी राबवलं तर मुलं त्यातून काय शिकतील?

आपल्याकडे 'ऑनलाइन' म्हणजे बहुतेक वेळा व्हॉट्सअॅपचा ग्रुप, आणि घरात एकच स्मार्टफोन, तोही वडिलांकडे किंवा भावाकडे. मुलींच्या बाबतीत हा प्रश्न जास्तच नाजूक होतो. पाळी, कॅथेटर, कपडे, कामाच्या ठिकाणी उचलून नेणाऱ्याचा स्पर्श, ह्याबद्दल मुलगी घरच्यांच्या फोनवर लिहिणार नाही आणि पुरुष मेंटॉरला विचारणार नाही. मुलींसाठी स्त्री मेंटॉर आणि संभाषणाचा खासगीपणा ह्या दोन गोष्टींची सोय सुरुवातीपासून करावी लागते. दुसऱ्या बाजूला, अल्पवयीन मुलं आणि अनोळखी प्रौढ ह्यांचा संवाद असल्यामुळे मेंटॉरची पडताळणी आणि तक्रारीची सोपी वाट हीसुद्धा हवीच. खासगीपणा आणि सुरक्षितता ह्या दोन गरजा एकमेकींना छेद देतात आणि त्यांचा मेळ घालणं हे ह्या कामातलं कठीण कौशल्य आहे.

स्मार्टफोन नसेल तिथे साधा फोनही चालतो. बंगळुरूच्या 'एनेबल इंडिया' ह्या संस्थेने कन्नडमध्ये 'नम्म वाणी' ही आवाजावर चालणारी सेवा उभी केली. तिच्यावर अपंग माणसं साध्या फोनवरून एकमेकांचे अनुभव ऐकतात आणि आपले सांगतात. ज्यांना हाताने टाइप करणं अवघड आहे त्यांना आवाज जवळचा, ज्यांचं बोलणं अस्पष्ट आहे त्यांना लेखन जवळचं. एकच साधन सगळ्यांना पुरत नाही. मराठीत आवाजावर चालणारं असं काही करू पाहणाऱ्यांनी बंगळुरूला एकदा जाऊन यावं.

२०२० साली टाळेबंदी आली आणि जी सवलत अपंग कर्मचारी वर्षानुवर्षं मागत होते ती घरून काम करण्याची सवलत काही आठवड्यांत सगळ्यांना मिळाली. त्यातून अनेकांना पहिल्यांदा नोकरी मिळवणं शक्य झालं. पण घरून काम ही सोय असावी, शिक्षा असू नये. रॅम्प बांधायचा खर्च टाळण्यासाठी अपंग कर्मचाऱ्याला कायमचं घरी बसवणारा मालक कायद्याच्या हेतूविरुद्ध वागतो. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली विकास कुमार खटल्यात वाजवी सोयी पुरवणं हा समानतेच्या हक्काचाच भाग मानला, आणि २०२४ साली राजीव रतुरी खटल्यात सुगम्यतेचे किमान नियम बंधनकारक असले पाहिजेत असं सांगितलं. मेंटॉरला हे दोन निकाल ठाऊक असावेत. मुलांना सगळं 'जुळवून घ्यायला' शिकवणारं मार्गदर्शन अपुरं आहे. काय जुळवून घ्यायचं आणि काय मागून घ्यायचं ह्यातला फरक सांगता येणं, हे चांगल्या मेंटॉरचं लक्षण मी मानतो. पायऱ्यांवरून चार जणांनी उचलून नेणं एखाद्या दिवशी चालेल, रोज चालणार नाही, हे मुलाने पहिल्या आठवड्यात बोललं पाहिजे, आणि ते कसं बोलायचं ह्याचा सराव आधी मेंटॉरबरोबर झाला पाहिजे.

ह्या क्षेत्रातलं संशोधन अजून कोवळं आहे. अभ्यास बहुतेक श्रीमंत देशांतले, इंग्रजीतले, मोजक्या सहभागींचे. मोजमाप बहुधा आत्मविश्वासाचं, करिअरविषयीच्या जाणिवेचं, समाधानाचं असतं, आणि तेही कार्यक्रम संपल्या संपल्या. दोन वर्षांनी त्या मुलाला नोकरी होती का, टिकली का, पगार किती, बढती मिळाली का, सोडली असेल तर कशामुळे, हे फार थोड्यांनी विचारलं आहे. शिवाय अशा कार्यक्रमांत जी मुलं नाव नोंदवतात ती आधीच थोडी धीट, थोडी शिकलेली असतात. जी घराबाहेर पडलेलीच नाहीत ती कोणत्याच अभ्यासात दिसत नाहीत. २०११ च्या जनगणनेत देशात सुमारे २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्तींची नोंद झाली, त्यांपैकी सुमारे ५४ लाख हालचालीच्या अपंगत्वाच्या होत्या. महाराष्ट्रात सर्व प्रकार मिळून ही संख्या २९ लाखांवर होती. टोरांटोतल्या मोजक्या तरुणांच्या अनुभवावरून ह्या संख्येबद्दल निष्कर्ष काढता येणार नाहीत. इथला अभ्यास इथेच व्हावा लागेल, आणि तो करणाऱ्यांत अपंग संशोधक असावे लागतील, नुसते उत्तरं भरून देणारे म्हणून नव्हे.

समाजकार्य, मानसशास्त्र, पुनर्वसन, व्यवस्थापन, संगणकशास्त्र ह्यांपैकी कुठूनही आलात तरी ह्या विषयात तुमच्यासाठी काम आहे. संशोधक विद्यार्थ्यांना माझी विनंती एवढीच, की आपल्या अभ्यासाच्या आराखड्यात दोन वर्षांनंतरच्या भेटीची तरतूद आधीच करा, मग तिच्यासाठी पैसा मागा. संस्थाचालकांना विनंती, की सत्काराच्या कार्यक्रमाचा खर्च एका वर्षी बाजूला ठेवून त्यातून एक समन्वयक नेमा. आणि नोकरी करत असलेल्या, शारीरिक अपंगत्व असलेल्या वाचकांना सांगायचं ते असं: तुम्ही पहिल्या वर्षी काय काय केलंत, कोणाकडे काय मागितलंत, कशाला नकार मिळाला आणि मग कोणती वाट काढलीत, हे मराठीत लिहून ठेवा किंवा आवाजात नोंदवून ठेवा. ऑफिसला कसं पोचलात, तिथपासून सुरुवात करा.